भोंगा वाजवणारी जीप

वसमतहून कुरुंद्याकडं निघालेल्या एसटीत तांड्यावरची सक्रीबाई बाकावर बसली, आणि तोंड बंद ठेवणं काही तिला जमलं नाही.

"घरची एवढी मोठी जीपगाडी, अन् मी ह्या फाटक्या बाकावर!"

"मग गाडी कुठं हाय, मावशी?" शेजारच्या बाईनं विचारलं.

"पोरीवाल्याच्या दारात. पोराला पोरगी दाखवायला नेलं, गाडी तिथंच बसली. चालूच होईना."

"नवी व्हय?"

"जुनी, पण साहेबलोकाची, डोंगर चढणारी. आमच्या पिढ्या बैलं पारखण्यात गेल्या ना! म्या पाय बघितले, पाठीवर थाप मारली, म्हणलं जनावर खानदानी हाय."

"मग?"

"बैलाला वायर असती व्हय, बाई? हिचा दिवा लावला की भोंगा वाजतो, अन् काच पुसायचा दांडा हालवल्याबिगर थांबत न्हाई. दिवेलागणीला त्यांच्या गावात शिरलो, सगळं गाव हसाया दारात! पोरगी तेवढी हसली न्हाई. माझ्या पोराचा हात कुठं जातो, ते बघून राहिली व्हती."

"मग काय म्हणले?"

"विचार करून सांगतो म्हणले. आज जबाब अन् गाडी, दोन्ही आणायला चालले. न्हाई म्हणले, तर ढकलत आणीन."

पोरीच्या गावाच्या फाट्यावर एसटी थांबली. अंधारून आलं होतं. गावातून भोंगा बोंबलला.

"तुमचीच का वो?"

"दुसऱ्या कोणाची असणार? कोणीतरी दिवा लावला."

भोंगा थांबला.

सक्रीबाईनं पदर सावरला.

"बाई, न्हाई म्हणायचं असतं, तर पोरीनं आमच्या गाडीची खोड कशाला ध्यानात ठेवली असती?"