साहेबांवर राज्य

हसू नका, पण मला गणपतीची रजा मिळाली ती चाळीतल्या खेळामुळे. अंधेरीच्या आमच्या ऑफिसात आम्ही तिघंच, तिघंही कोकणातले. साहेब म्हणाले, "फोनवर एक जण थांबायलाच हवा," आणि केबिनमध्ये गेले.

"ही नवीन आहे ना, ही थांबेल," सावंतकाका म्हणाले. राणेबाईंनी लगेच मान डोलावली.

मला रडूच येणार होतं, पण तोंडातून निघून गेलं, "नाही! चकूया!"

पोरं राज्य कुणावर ते ठरवायला चकतात, तसे आम्ही हातावर हात ठेवले, कुणी पालथा, कुणी उताणा. ज्याचा हात वेगळा पडेल तो सुटला. तेवढ्यात मागून साहेब, "काय चाललंय?" मी दचकून टेबलावर आदळले. साहेबांनी मात्र बाह्या सरसावल्या. "मलापण घ्या. माझ्यावर कधी राज्य आलं नाही."

आधी मी सुटले, मग राणेबाई. उरले दोघं, म्हणून तिसरा हात माझा. माझा आणि साहेबांचा पालथा, काकांचा एकटा उताणा!

"साहेब, राज्य तुमच्यावर!" मी ओरडले आणि जीभ चावली.

साहेबांनी बाह्या खाली केल्या. "मी रडी खेळत नाही. जा गावाला."

फोनची घंटा वाजली तरी दचकणारी मी पाच दिवस मालवणात मोदक खात होते. फोन साहेब उचलत होते.