आफ्रिकेतली शाळा आणि सुटलेली बस

ही गोष्ट १९५७ची, संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणांनी गिरगाव दुमदुमत होतं तेव्हाची. कॉलेजला निघालेली शालन बसच्या रांगेत उभी होती. तिच्यापुढे दोन शिक्षिका बोलत होत्या, थोरल्या वेणूताई आणि नवी लागलेली कुमुद.

"उद्या तपासनीस तुझा तास बघणार. पसंत पडला तरच नोकरी कायम. आफ्रिकेतल्या नद्या शिकव नि मोकळी हो."

"अहो, पुस्तकात नद्या आहेत, सिंह आहेत, साहेब आहेत. मुली विचारतात, तिथली मुलं कुठेत?"

"मग काय सांगणार आहेस, कपाळ?"

"केनियातली शाळा. खोताच्या वाडीतल्या फिलोमिनाबाई तिकडे होत्या, त्यांनी सांगितलं. साहेबाची शाळा नको म्हणून गावाने स्वतःची बांधली. पोरांनीही दगड वाहिले."

"आपल्या कारट्या फळा पुसायला उठत नाहीत!"

"वर्ग भरले, आणि एके दिवशी सरकारने कुलूप ठोकलं."

"अगंबाई! मग?"

"वेणूताई, बस आली."

"जाऊ दे बस! पोरांनी काय केलं?"

"गोष्ट इथेच थांबवून मी मुलींना विचारणार, तुमच्या शाळेला कुलूप लागलं तर?"

"मोर्चा काढू!" शालन पटकन बोलून गेली.

"आधी कुलूप तोडा," मागचे आजोबा म्हणाले.

"बाई, चढताय की नाही?" कंडक्टर ओरडला. कुणीच हललं नाही. बस गेली.

"कुमुद, नद्या राहू देत. हाच धडा घे."

कुमुद कायम झाली. वेणूताई मुख्याध्यापिका झाल्या, पण फळा शेवटपर्यंत त्यांनाच पुसावा लागला. शालनने पुढे तीस वर्षं इतिहास शिकवला. त्या दिवशी मात्र तिचा पहिला तास बुडाला.