धूर शून्यावर आणला त्याची गोष्ट

हसू नका, पण निवृत्तीनंतर मी एकदा प्रदूषण संपवलं होतं. वर्ध्यात तरुण संशोधकांचं पर्यावरणाच्या अर्थशास्त्रावर प्रशिक्षण होतं. त्यात एक खेळ होता. पोरं कारखानदार झालेली. सरकारने त्यांना परवानगी द्यायची, मग त्यांच्या धुरावर कर लावायचा आणि धूर किती घटतो ते मोजायचं. जन्मभर कारकुनी केली म्हणून सरकारच्या खुर्चीवर मला बसवलं.

हिंगणीची केतकी गटप्रमुख होती. दुपारी तिला प्राध्यापकांपुढे निष्कर्ष मांडायचा होता आणि त्यावर पुढच्या संशोधनासाठी तिची निवड ठरणार होती. ती कारखान्याच्या परवानगीचा अर्ज घेऊन आली.

मी म्हटलं, "तीन प्रती आण."

तिने आणल्या.

"नकाशा कुठाय?"

तिने तिथेच काढून दिला.

"यावर ग्रामपंचायतीचा शिक्का नाही."

"काका, खेळ आहे ना जी हा! काऊन छळून राह्यले? मले कारखाना सुरू तर करू द्या!"

"तसा अर्ज कर."

जेवणाची सुट्टी झाली तरी एकही कारखाना सुरू झाला नव्हता. केतकी रडकुंडीला येऊन प्राध्यापकांपुढे उभी राहिली. "सर, धूर शून्य."

"शून्य? कर किती लावला होता?"

"कराची पाळीच नाई आली, सर. परवानगीच्या टेबलावर काका होते."

पोरीची निवड झाली. तिच्या संशोधनाचा विषय आता मी आहे.