बाई, मी कवा पयू?

नाही, तुम्ही आधी मला ळ वरून सुरू होणारा एक शब्द सांगा! एक! ... लसूण? अहो मॅडम, लसूण ल चा! ळ... जीभ मागं दुमडून टाळूला लावायची, ळ! ... लाडू? लाडूही ल चाच हो साहेब, आणि तुम्ही तर आमचे केंद्रप्रमुख... हसा, हसा! मीही हसले असते. पण आख्ख्या मराठीत तसा शब्द नाही, आणि असला हा ळ मी, छायाबाई, वीस वर्षांच्या अनुभवाची शिक्षिका, एका पोरीच्या गळ्यात बांधला!

तर आजच्या शिक्षण परिषदेत साहेब म्हणाले, पाच मिनिटं उभं राहा आणि तुमची यशोगाथा सांगा, 'खेळातून ध्वनीओळख'. यशोगाथा! बरं, सांगते. तुम्हाला सांगते, याची सुरुवात झाली नाशिकच्या त्या प्रशिक्षणात. आठवतोय ना तो शर्ट इन केलेला ट्रेनर? "सो मॅडम, साउंड फर्स्ट, लेटर लेटर!" मला वाटलं दोन-दोन पत्रं लिहायचीत की काय! म्हणजे आधी आवाज कानाला ओळखू द्यायचा, मग अक्षर. आणि मग काय, "ॲ, ॲ, ॲपल" करत निवृत्तीला टेकलेले गुरुजी बेडकासारखे उड्या मारतायत, कुणाचा गुडघा कटकन वाजतोय, कुणाचा समोसा हातातून पडतोय... पण खोटं कशाला बोलू, मला आवडलं. म्हटलं आपण हेच मराठीत करू.

आमची शाळा ओझरच्या रस्त्यानं आत वळलं की, सगळीकडे भाजीचे आणि झेंडूचे मळे. मी पहिलीच्या पोरांना पुठ्ठ्याच्या पाट्या केल्या, सुतळीनं गळ्यात अडकवल्या, प्रत्येकाला एक आवाज. मी शब्द सोडायचा, "पेरू!" की ज्याच्याकडे प, त्यानं ओळखायचं, मी ओरडणार "पळ!" की सुटायचं, अंगणातल्या लिंबाला शिवायचं आणि परत यायचं. अहो, पोरं वेडी झाली! दुपारचा भात गार व्हायला लागला पण पोरं लिंबापासून हलेनात! रुद्रचा र, तो तर "बाई, रवा म्हना ना, रस्सा म्हना ना," पाठीमागंच लागायचा.

आता ण, त्यावरून काही सुरू होत नाही म्हणून तो मी कपाटात ठेवला होता. शहाणी ना मी! आणि ळ? तो राहिला खोक्याच्या तळाशी.

गणपती झाले आणि निकिता आली. तिचा बाप भिकन, सटाण्याकडचा, झेंडू तोडायला कुटुंब घेऊन आलेला. पोरगी एवढीशी, दोन शेंड्या, नाकाला शेंबूड, आणि डोळे... जाऊ दे. पाट्या संपलेल्या. मी आपला खोक्यात हात घातला, हाताला लागली ती काढली आणि बांधली गळ्यात! पोरीनं ती पाटी अशी धरली, जसं काही मी सोन्याची पुतळी घातली! आणि मग खेळ सुरू. कणीस, पळ! चहा, पळ! मगर, पळ! सगळा वर्ग पळतोय, धुरळा उडतोय... आणि ळ उभी!

सुटी झाली तशी माझ्याजवळ आली, पदर ओढला आणि म्हणाली,

"बाई, मी कवा पयू?"

पयू म्हणजे पळू! सटाण्याकडं ळ चा य होतो ना. डोळा नाही, डोया. शाळा नाही, शाया. बघा माझी हुशारी! जो आवाज भाषेत पहिला येत नाही आणि पोरीच्या जिभेवर मुळातच येत नाही, तो मी शोधून तिला दिला! काय सांगणार तिला? म्हटलं, "उद्या हं." मास्तरणीचा उद्या तुम्हाला माहितीये, तो काय कॅलेंडरात असतो? दुसऱ्या दिवशी मी शब्द सोडतेय, आणि ही पाऊल पुढं टाकून, मुठी आवळून, ओणवी होऊन तयार. सगळे पळाले. आणि ळ उभी!

"बाई, मी कवा पयू?"

तुम्ही म्हणाल, पाटी बदलायची! एवढी अक्कल होती हो मला! म्हटलं, "निकिता, तुला न देते, निकिताचा न! नाक आहे, नख आहे, दिवसभर पळशील." तर पाटी दोन्ही हातांनी छातीशी दाबून धरली. "नको. ही मनी शे." मनी शे म्हणजे माझी आहे. झालं, विषय संपला! बरं, दुसरा कुणी घेईल म्हणावं, तर य वाला ओम, सहा वर्षांचं कार्टं, मला म्हणतो, "नाय बाई, ती पाटी पळत नाय."

आणि साहेब, त्याच आठवड्यात तुमची भेट! आमचा खेळ चालू, तुम्ही फाटकातून आत, मी लगबगीनं, "या! या साहेब!" आणि ओम सुटला! सुटणारच, त्याला वाटलं शब्द आला! पण त्याच्या मागून कोण? निकिता! तिच्या कानाला य काय आणि ळ काय, एकच की! काय धावली हो पोरगी... पाटी उलटी पाठीवर, दोन्ही शेंड्या हवेत... आणि इकडून सगळा वर्ग, "बाद! बाद! तुझा य नाय, तुझा ळ हाय!" ती थांबली. लिंब चार पावलांवर होता. हात पुढं केलेला तसाच राहिला तिचा. आणि मग ती चालत, चालत हो, परत आली. मी तेव्हा काहीतरी करायला हवं होतं, पण तुम्ही विचारत होता, "मुलं मला बघून पळाली का?" आणि मी तुम्हाला खुर्ची आणायला पळाले! माझं बरंय, मला पळायला पाटी लागत नाही.

तर दिवाळीची सुटी लागली. मी स्वयंपाकघरात, डोक्यात तेच. न राहवून सासूबाईंना विचारलं, "आई, ळ वरून एखादा शब्द सांगा ना." तर म्हणतात, "ळ कुठं पहिला येतो गं? तो सुनेसारखा, सगळ्यांचं झाल्यावर शेवटी!" बरं, टोमणा कुणाला होता ते आपण सोडून देऊ. लगेच सुरूच झाल्या, "गूळ किसला का? नारळ खोवला? डाळ भाज, जाळ कमी कर, उद्या शेजारी फराळ द्यायचाय..." आणि माझ्या हातातला झारा तसाच! गूळ! नारळ! डाळ! जाळ! फराळ! अहो, सगळीकडं तोच! शेवटी! मग शेवटचा आवाज ओळखायचा खेळ का नाही करायचा? आणि मग सगळ्यात वाईट लक्षात आलं. पळ! मी रोज शंभरदा ओरडायचे तो 'पळ', त्याच्यात तरी कोण आहे शेवटी? मी रोज तिलाच हाक मारत होते हो, आणि पळत होते दुसरेच! चकल्या करपल्या. सासूबाई काय म्हणाल्या ते इथं सांगण्यासारखं नाही.

कधी नव्हे ते मी सुटी संपायची वाट बघितली! पहिल्या दिवशी रिक्षातून उतरले ती थेट वर्गात. "मुलांनो, आता शेवटचा आवाज! ज्याचा शेवटी, तो पळणार! ऐका... बाळ!"

कुणीच हललं नाही. सगळे एका जागेकडं बघतायत. जागा रिकामी.

रुद्र म्हणाला, "बाई, ते गेले ना. झेंडू संपला."

"आणि पाटी?"

"घालूनच गेली."

तुम्हाला सांगते, आता माझ्या वर्गात सगळे 'शाळा' म्हणतात. स्पष्ट. टाळूला जीभ लावून. साहेबांनी शेरासुद्धा दिलाय, उच्चार उत्तम. आणि माझे कान आहेत ना, ते एका 'शाया'साठी तरसलेत. शब्द सोडताना मी अजून त्या जागेकडं बघते. पदर खिळ्याला अडकला तरी मागं वळून बघते. फार आठवण येते हो तिची, फार. दुसरा शब्द नाही माझ्याकडं.

भिकनला फोन लावायचे. बंद. रोज लावायचे, रोज बंद. गेल्या आठवड्यात लागला! वारा भणाणतोय, मागं ट्रॅक्टर. म्हटलं, "भिकनभाऊ, निकिताला द्या!" दिला. श्वास ऐकू येतोय नुसता. म्हटलं, "निकिता, मी बाई. पाटी आहे ना?"

"शे."

"मग ऐक हं. नवा नियम. शेवटचा आवाज ज्याचा, तो पळणार. बाळ!"

हळूच म्हणाली, "बाई... मी पयू?"

"हो गं राणी, तुझाच शब्द आहे! पळ!"

धप्प! फोन खाली! आणि पावलं... लांब, लांब जाणारी. मी इकडं एकटी स्टाफरूममध्ये उभी राहून टाळ्या वाजवतेय, शिपाई दारातून बघतोय! तेवढ्यात भिकनचा आवाज, "बाई, काय सांगं तुम्ही तिले? ती ते पयत सुटनी!"

म्हटलं, "काळजी करू नका हो, लिंबाला शिवून येईल परत."

"बाई," भिकन म्हणाला, "आठे निंबच नई शे!"

लिंबच नाही हो तिथं! नुसतं उघडं रान, कांद्याची लागण, म्हणाला. आणि फोन कटला. तेव्हापासून पुन्हा बंदच...

झाली का पाच मिनिटं? झालं, बसतेच मी. तुमच्या कागदावर खाली रकाना आहे ना साहेब, 'उपक्रमाची निष्पत्ती'? लिहा. एक मुलगी पळाली. परत यायची आहे.