कोर्टाचा पुकारा

मी लोणी काळभोरचा. आमच्यात शेती न्हाई, बाप दुसऱ्याच्या रानात राबायचा. सातवी पास झालो आन कुनाच्या तरी ओळखीनं कोर्टात शिपाई लागलो. काम काय, तर पुकारा करायचा. जज्जसाहेबांनी फाईल घेतली की दारात येऊन पक्षकाराच्या नावानं तीनदा ओरडायचं, तीनदा ओरडूनबी कोन उठलं न्हाई तर गैरहजर. जन्मभर तेच केलं. बायको म्हनायची, घरात तरी हळू बोला, हितं कुनाची तारीख न्हाई.

पयले दावे कसले, तर बांध कोरला, शेळीनं मका खाल्ला. मग खराडीकडं त्या काचंच्या कंपन्या आल्या, गावं कार्पोरेशनात गेली, ग्रामपंचायतीच्या पाट्या उतरल्या, आन ज्या खडकाळ रानात कुत्रं फिरत नव्हतं तिथं बिल्डरच्या गाड्या फिरायला लागल्या. तवापासनं काय सांगू तुम्हाला, सगळे दावे भावाबहिनीचे. आदी बहिनी एका लुगड्यावर हक्कसोड करून द्यायच्या, वर हसायच्याबी.

त्यातलीच एक लक्ष्मीमावशी. नवरा गेलेला, दिरांनी घराबाहेर काढलेली. बापाच्या रानात दोन गुंठे मिळाले तर खोली बांधीन आन तिथंच डोळे मिटीन, एवढंच मागनं. भावांनी रान इकू नये म्हनून कोर्टानं मनाई दिलेली. दर तारखेला सकाळपासनं दारातल्या बाकावर बसायची, भाकरी आनायची, मलाबी चतकोर द्यायची.

एक दिवस फाईल निघाली, ठकूबाई कोंडिबा. म्या ओरडलो. कोन उठलं न्हाई. पुन्हा ओरडलो, पुन्हा ओरडलो. वकील दुसऱ्या कोर्टात अडकलेला. साहेबांनी दावा काढून टाकला, सही केली. जेवायच्या सुट्टीत मावशी इचारती, आरं, माझं कवा हाय? कागद बघितला, तर सकाळी काढून टाकलेला दावा तिचाच. ठकू तिचं माहेरचं नाव. दाव्यात तेच घातलेलं, तिनं नुसता अंगठा दिलेला. एरवी वकील उठायचा म्हनून तिला कधी कळलंच न्हाई. लग्नात नाव बदललं, तवापासनं पन्नास वर्सं तिला ठकू म्हनून कुनी हाकच मारली नव्हती. माझ्यापासनं चार हातावर बसली व्हती वो, आन मी तिच्या डोक्यावरनं ओरडत व्हतो.

साहेबांना हात जोडले. ते म्हनले, सही झाली, आता अर्ज करा. वकिलानं अर्ज केला, अर्जाला तारीख पडली, पन दाव्याबरूबर मनाईबी गेली, आन तेवढ्यात भावांनी खरेदीखत करून दिलं, रानाला पत्र्याचं कुंपन पडलं. म्या ते जाऊन बघितलं. शिपायानं बघायचं, दुसरं काय करायचं.

आता मी रिटायर झालोय, तिचा अर्ज अजून चालूच हाय. नोकरीच्या शेवटच्या दिवशी तिच्या पाया पडलो, म्हनलं मावशी, माझ्या तोंडानं तुझी खोली गेली. तिनं गालावरनं हात फिरवला. म्हनली, तुझा काय दोष लेकरा, तू हाक तरी मारलीस. माझे दोन्ही भाऊ तिथंच उभे व्हते, त्यांना ते नाव ठावं व्हतं. तू सुखी ऱ्हा.