बगळ्यांची पलटण

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि या सभागृहाचे विश्वस्त माननीय नॉर्मन लीव्हसे, पलीकडच्या गावातल्या मंडळाच्या सेनापती आणि आजच्या प्रमुख पाहुण्या रोझलिंड क्रॉस्बी, आमचे सरसेनापती डॉक्टर क्लाइव्ह पेटिफर, ज्यांच्यासाठी आपण इथे जमलो ते ट्रेव्हर स्केल्टन, त्यांच्या पत्नी पॉलिन, आणि बाहेर एवढं धुकं असूनही बांधावरून गाड्या हाकत वेळेवर पोचलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

अध्यक्षांनी मला ‘थोडक्यात’ बोलायला सांगितलं आहे. नॉर्मन, तुम्ही मला शाळेपासून ओळखता. तुमच्या आशावादाला माझा नमस्कार.

मी हिलरी थॅकर. लोकरीचं आणि बटणांचं दुकान चालवते, आणि गुरुवारी संध्याकाळी याच सभागृहात एक राज्य चालवते. त्याचं नाव हॅरोमीर. ते कुठल्याही नकाशात नाही, फक्त माझ्या नकाशात आहे. त्या नकाशावर आमच्या मंडळातली ही वयस्क, बऱ्यापैकी शहाणी माणसं अंगठ्याएवढे शिशाचे शिपाई मांडतात आणि फासे टाकून लढाया करतात. प्रत्येकानं आपापली पलटण स्वतः घडवायची असा आमचा नियम. गणवेश, निशाण, गाणं, रीतीभाती, सगळं मनानं रचायचं. माझी बहीण म्हणते, “या वयात भातुकली?” मी म्हणते, हो, भातुकलीच. भातुकलीतला भात खोटा असतो गं, भूक खोटी नसते.

तर, एका हिवाळ्यात पॉलिन माझ्या दुकानात आली. करड्या लोकरीच्या गुंड्या चाचपत उभी राहिली. घेत काहीच नव्हती.

“हिलरी, तुमच्या त्या लढायांत एक माणूस मावेल का?”

“कोण गं?”

“आमचा. पंपघरातून निवृत्त झाल्यापासून खिडकीशी बसतो. बाहेर बघतो म्हणावं, तर तेही नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून नुसता बसतो. मला ते हात बघवत नाहीत.”

ट्रेव्हरला आपण सगळे ओळखत होतोच. आपल्या शेतांतलं पाणी कालव्यात आणि कालव्यातलं नदीत ढकलणारा माणूस. त्याआधी, पोरसवदा वयात, तो सैन्यात होता आणि दक्षिणेकडच्या त्या थंड बेटांवरच्या युद्धात जखमी वाहायचं काम करत होता, हेही कानावर होतं. पण त्याबद्दल तो बोलत नसे. आणि आपल्याकडची रीत अशी की, जो बोलत नाही त्याला आपण चहा देतो.

पहिल्या गुरुवारी तो आला, त्या तिकडे भिंतीशी बसला. क्लाइव्ह म्हणाले, “बोला स्केल्टन, काय घडवणार? तोफखाना की घोडदळ?”

ट्रेव्हरनं विचारलं, “ही माणसं राहतात कुठे?”

“कुठली माणसं?”

“पलटणीतली.”

“कुठे म्हणजे? डब्यात!”

सगळे हसले. ट्रेव्हर नाही हसला. उठून नकाशापाशी आला. हॅरोमीरच्या पूर्वेला एक कोपरा मी हिरवा रंगवून सोडून दिला होता, कारण खरं सांगायचं तर तिथे काय असावं ते मला सुचलंच नव्हतं. त्यानं त्यावर बोट ठेवलं.

“इथे?”

“इथे कुणी नाही,” मी म्हटलं. “नुसती दलदल आहे.”

“दलदलीत माणसं राहतात, हिलरी. आपण राहतोच की.”

मंडळी, मी माझी पेन्सिल त्याच्या हातात दिली.

त्या हिवाळ्यात तो हिरवा कोपरा भरत गेला. तिथली माणसं लव्हाळे कापणारी, वाम मासे धरणारी. पाणी कुठे घोटाभर आणि कुठे पुरुषभर ते सांगता येत नाही, म्हणून उंच काठ्या पायांना बांधून चालणारी. दुरून बघावं तर धुक्यात बगळ्यांची रांग चाललीय असं वाटावं. म्हणून बगळ्यांची पलटण. गुडघ्यांना वामीच्या कातड्याचे पट्टे, थंडीनं सांधे धरू नयेत म्हणून. कोट धुक्याच्या रंगाचा. पाठीवर मात्र पिवळी पट्टी.

“पाठीवर?” क्लाइव्ह म्हणाले. “मानाची पट्टी छातीवर असते, गृहस्था!”

“समोरच्याला दिसायचं नाहीये. मागून येणाऱ्याला दिसायचंय.”

निशाण नाही, कारण धुक्यात ते कोण बघणार? त्याऐवजी बोरूची पुंगी. तिचा आवाज पाणपक्ष्याच्या घुमण्यासारखा, ओला आणि लांबवर जाणारा. कूच करतानाच्या गाण्याला शब्द नाहीत, कारण काठ्यांवर चालताना शब्दांना श्वास पुरत नाही. नुसतं गुणगुणायचं. रांगेतल्या पहिल्यानं सूर धरायचा, शेवटच्यापर्यंत तो पोचला की समजायचं, सगळे आहेत.

“आणि शस्त्र?” क्लाइव्ह थकून म्हणाले.

“काठी.”

“काठीनं मारतात?”

“पाणी किती खोल ते बघतात.”

“वा! आणि शत्रू आला की त्यालाही खोली सांगणार?”

“हो,” ट्रेव्हर म्हणाला. “त्यालाही बुडायचं नसतं.”

क्लाइव्ह, तुम्ही तेव्हा कपाळावर हात मारून घेतला होता. आठवतंय ना? मान डोलावताय, बरं आहे.

मला त्या दिवसांत काय होत होतं सांगू? सकाळी दुकानाची फळी उघडताना गल्लीच्या टोकाला धुकं असे, आणि मला वाटे, आता त्यातून ते येतील. पन्हळीच्या उंचीवर त्यांची डोकी, पावलांचा आवाज नाही, नुसता एक सूर. लोकर मोजता मोजता मी थांबत असे. गिऱ्हाईक खोकलं की भानावर येई. पॉलिनचंही तेच. म्हणाली, “काल जेवताना मला विचारतो, पलटण घरी आली की बायका त्यांना आधी काय देत असतील? मी म्हटलं, कोरडे मोजे, दुसरं काय! तर बाई, हसला. किती दिवसांनी हसला!”

मग वसंतात लढाई आली, पाहुण्या मंडळाशी. रोझलिंडबाईंचं घोडदळ तुम्ही पाहिलंच आहे, मी काय वर्णन करू! आमचे सरसेनापती क्लाइव्ह. त्यांनी मोठा अचूक डाव रचला. बगळ्यांनी बांधावरून पळाल्याचं सोंग करायचं, घोडदळानं त्यांच्या मागे लागायचं, आणि सगळे मध्यावर आले की बांधाचं दार उघडून पाणी सोडायचं.

“बगळे जातील,” क्लाइव्ह म्हणाले, “पण लढाई आपली.”

“नाही,” ट्रेव्हर म्हणाला.

“काय नाही?”

“ते जाणार नाहीत.”

“अरे, शिशाचे आहेत ते!”

“ठाऊक आहे. मीच रंगवलेत.”

“सेनापती मी आहे, स्केल्टन. हुकूम आहे हा.”

हुकूम हा शब्द ऐकल्यावर ट्रेव्हरचा चेहरा कसा झाला, ते मी सांगू शकणार नाही. त्यानं एकेक शिपाई उचलून डब्यात ठेवायला सुरुवात केली. एक शिपाई जमिनीवर पडला, त्याची काठी मोडली. तोही त्यानं उचलला, आणि डबा काखेत घेऊन निघून गेला. ती लढाई आम्ही हरलो. पुढच्या गुरुवारी तो आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. अर्धं मंडळ म्हणालं, खेळ मोडणाऱ्याला परत घेऊ नका.

आणि मग एका दुपारी क्लाइव्ह माझ्या दुकानात आले. हातात त्यांची दातांच्या दवाखान्यातली जुनी पेटी. “चल,” म्हणाले, “मला एकट्याला दार वाजवायचं धाडस नाही.”

स्केल्टनांच्या स्वयंपाकघरात पॉलिननं चहा ठेवला, पोर्कचं सारण भरलेली पेस्ट्री कापली. क्लाइव्ह म्हणाले, “तो मोडका कुठाय?” ट्रेव्हरनं आणून दिला. क्लाइव्हनी डोळ्याला भिंग लावलं आणि माणसाच्या दाढेत घालतात तशी बारीक तार त्या मोडक्या काठीत बसवायला घेतली. आम्ही सगळे त्यांच्या हातांकडे बघत बसलो. कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नव्हतं. बहुधा त्यामुळेच ट्रेव्हरला बोलता आलं.

“तिथेही अशीच दलदल होती,” तो म्हणाला. “धुकं होतं. मी आणि डूगी, दोघं मिळून जखमी वाहायचो. डूगीच्या पायाला लागलं. त्याला एका खडकाशी बसवला. आमच्या झोळीत आणखी एक जण होता, दुसऱ्या एकाला जोडीला घेऊन त्याला पुढे न्यायचा हुकूम होता. मी म्हटलं, आलोच परत. परत गेलो. तो खडक सापडेना. सगळे खडक सारखेच. हाका मारल्या. सकाळी तो सापडला, दुसऱ्यांना. थंडीनं गेला होता.”

चहा निवत होता. क्लाइव्हनी मान वर केली नाही. “हे जरा धर,” म्हणाले. “हलवू नकोस.” ट्रेव्हरनं धरलं. काठी बसली. मग भिंग काढून ते म्हणाले, “स्केल्टन, या पलटणीला मी चुकीचं काम सांगितलं. त्यांचं खरं काम कोणतं, ते तू सांग. मी हुकूम काढतो.”

मित्रहो, मी त्यांच्याशी कित्येक वर्षं भांडत आले आहे. पण त्या दुपारी मला वाटलं, सेनापती असावा तर असा.

त्या शरद ऋतूत आम्ही रोझलिंडबाईंना पुन्हा बोलावलं. लढाई आधीच संपलीय असं धरायचं. दोन्ही फौजा दलदलीत विखुरलेल्या, पाणी चढतंय. सगळ्या टेबलावर मी न कातलेली पांढरी लोकर पसरली, तेच धुकं. बगळ्यांनी आत शिरायचं आणि सगळ्यांना बाहेर आणायचं, आपल्यांना आणि त्यांच्यांनाही.

रोझलिंडबाई म्हणाल्या, “मग जिंकणार कोण?”

ट्रेव्हर म्हणाला, “घरी जाणारे.”

ज्यांनी ती दुपार पाहिली त्यांना मी काय सांगणार? आणि ज्यांनी पाहिली नाही त्यांना तरी कसं सांगू? फासा टाकायचा, लोकरीचा एक पुंजका उचलायचा, खाली कुणी असेल तर पिवळ्या पट्टीमागे त्याला रांगेत लावायचं. सभागृहात कुणीतरी हळूच गुणगुणायला लागलं, आणि बघता बघता दोन्ही मंडळं गुणगुणत होती. आपण कुठे आहोत, टेबलाच्या या बाजूला की त्या धुक्यात, मला कळेनासं झालं. शेवटी सगळे बाहेर आले. राहिला रोझलिंडबाईंचा एक ढोलकरी. पाणी काठापर्यंत आलेलं.

“राहू दे हो,” रोझलिंडबाई म्हणाल्या. “एकच तर आहे. त्याच्यापायी तुमची माणसं जातील.”

ट्रेव्हरनं क्लाइव्हकडे पाहिलं. “परत जाता येतं का, नियमानं?”

“येतं,” क्लाइव्ह म्हणाले. आता सांगायला हरकत नाही, तसा नियम तेव्हा नव्हता. तो त्यांनी त्या क्षणी केला.

पहिला फासा वाया गेला. पुंजक्याखाली काही नाही. दुसराही गेला. पॉलिननं माझं मनगट धरलं होतं, तिची नखं रुतत होती. तिसऱ्या खेपेला ट्रेव्हरनं लोकर उचलली, आणि खाली तो ढोलकरी उभा होता. ट्रेव्हरनं त्याला तळहातावर घेतलं. मी, माझी जीभ कधी गप्प बसायची, म्हणून गेले, “याचं नाव तू ठेव, ट्रेव्हर.” पॉलिनला, क्लाइव्हना आणि मला वाटलं, तो कुठलं नाव ठेवणार ते आम्हाला ठाऊक आहे.

“नको,” तो म्हणाला. “त्याच्या घरच्यांनी ठेवलं असेल की.” आणि त्यानं तो रोझलिंडबाईंच्या हातात दिला.

पुढच्याच आठवड्यात ट्रेव्हर आणि पॉलिन गाडी घेऊन उत्तरेला गेले. डूगीची बहीण मॉयरा तिकडे समुद्राकाठी राहते. इतक्या वर्षांत ट्रेव्हर तिला कधी भेटला नव्हता. पॉलिननं मला जे सांगितलं ते तिच्या परवानगीनं सांगते. ट्रेव्हरनं दारातच, बसायच्या आधी, सगळं बोलून टाकलं. मॉयरानं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तू परत गेला होतास? आमच्या आईला कुणी हे सांगितलंच नाही. ती शेवटपर्यंत म्हणायची, माझ्या लेकराला कुणी शोधायला तरी गेलं होतं का?”

त्यानंतर ती दोघं वरचेवर तिकडे जाऊ लागली. आता मॉयराच्या शेजारचं घर रिकामं झालं आहे, आणि म्हणून आज हा समारंभ. आमचा तोटा आहे. पण असा तोटा आनंदानं सोसावा.

आम्ही ठरवलं होतं की, पलटणीसाठी काचेची सुंदर पेटी करून ती ट्रेव्हरला भेट द्यावी. त्यानं नको म्हटलं. काल संध्याकाळी तो डबा घेऊन माझ्याकडे आला. पलटणीचे दोन भाग केले होते. एक आमच्या मंडळाला, एक रोझलिंडबाईंच्या मंडळाला. “दोन्ही फौजांकडे हवेत,” म्हणाला.

मला राहवलं नाही. मी विचारलं, “म्हणजे पलटण मोडली म्हणायची?”

“नाही गं,” ट्रेव्हर म्हणाला. “लव्हाळे कापणीला आलेत. रजेवर घरी गेलेत सगळे.”

अध्यक्षमहाराज, तुम्ही घड्याळाकडे बघणं सोडून दिलंत त्याबद्दल आभार. रोझलिंडबाईंचे, हे सभागृह फुकट देणाऱ्या विश्वस्तांचे आणि मागे चहा-केकची तयारी करणाऱ्या सगळ्या हातांचे आभार. बोलण्याच्या ओघात कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाची थट्टा जास्त झाली असेल, किंवा कुणाच्या मनातली गोष्ट मी न विचारता बाहेर काढली असेल, तर ती मोठ्या मनानं पोटात घाला. ट्रेव्हर, पॉलिन, सुखानं जा. मी इथेच थांबते.