दारातली हाक

दवाखान्यातली सिस्टर दिवसभर उभी राहून दमली होती. बसमध्ये खिडकीशी टेकून तिनं डोळे मिटले, तोच मागच्या बाकावर दोघी बोलू लागल्या.

"पाळणा लांबवायच्या गोळ्या आणायला जात नाहीस का हल्ली?"

"सोडलं ते."

"घरून अडवलं?"

"घरी माहीत होतं कुणाला? सासूला सांगायचे, दाढ दुखतेय. वर्षभर दुखतच होती."

"मग?"

"तिथली सिस्टर दारात उभी राहून हाक मारते. अमक्याची बायको, गोळ्यावाली, आत या. समोरच्याच बाकावर माझी जाऊ, लेकराला डोस पाजायला आलेली."

"अगं बाई."

"मी घरी पोचायच्या आत बातमी पोचली."

"आणि आता?"

"आता काय, तिसरा महिना. पाठोपाठ चौथं."

"त्या सिस्टरला सुनवायचे होतेस चार शब्द."

"मनानं वाईट नाही गं ती. तोंडाला मास्क, चेहरा कधी दिसलाच नाही. पण आवाज कुठेही ओळखीन."

कंडक्टर सिस्टरपाशी आला.

"कुठे उतरणार, बाई?"

तिनं नुसते ओठ हलवले.

"जरा मोठ्यानं सांगा की."